जोडकडें

आमच्या शाळेच्या छायाचित्र-मंडळाच्या लांकडी पेटींत एक अगदीं सामान्य वस्तु जपून ठेविलेली आहे. ती वस्तु म्हणजे अॅल्युमिनियमचें एक काळें कडें. तें एका बाजूस दबलेलें असून त्याचे आटे ओरखडलेले आहेत. आतां तें कोणत्याहि उपयोगाचें नाहीं. तथापि मंडळांत नवीन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातांत आम्ही कॅमेरा देण्यापूर्वीं तें कडें देतों. असें कां, हें या लेखाच्या शेवटीं सांगूंच. परंतु ती हकीकत नीट कळण्यासाठीं कॅमेऱ्याच्या भिंगास फिल्टर कसा जोडतात, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. हल्लीं पुष्कळ घरीं कॅमेरा असतो आणि फिल्टरांवर बराच पैसा खर्च होतो. म्हणून ही माहिती पालकांसहि उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

फिल्टर कशासाठीं?

फिल्टर म्हणजे प्रकाशाची गाळणी. चहाची गाळणी जशी चोथा अडविते व चहा खालीं सोडते, तशी ही कांच कांहीं प्रकाश अडविते व कांहीं भिंगांत जाऊं देते.

प्रारंभींच्या काळांत छायाचित्रें ज्या रासायनिक कांचांवर घेत, त्या मुख्यत्वें निळ्या व जांभळ्या प्रकाशासच जागत. निळें आकाश त्यांवर इतक्या जोरानें उमटे कीं, कागदावर छापल्यावर तें कोरें पांढरें दिसे व त्यांतील ढग नाहींसे होत. १८७३ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांस असें आढळून आलें कीं, विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास ही कांच हिरव्या प्रकाशासहि जागते. पुढें १९०६ सालीं इंग्लंडांतील क्रॉयडन येथील रॅटन आणि वेनराइट या कंपनीनें सर्व रंगांस जागणाऱ्या कांचा विक्रीस आणल्या. तीच कंपनी फिल्टरहि करीत असे. १९१२ सालीं ती कोडॅक कंपनीनें विकत घेतली. तरी फिल्टरांचे क्रमांक रॅटन याच नांवानें ओळखले जातात.

कांच सर्व रंगांस जागूं लागली, तरी निळ्याकडे तिचा ओढा राहिलाच. तो आवरण्यासाठीं भिंगापुढें पिवळा फिल्टर लावीत. पिवळी कांच निळा प्रकाश अडविते. त्यामुळें चित्रांत आकाश किंचित् काळसर येतें व पांढरे ढग त्यावर उठून दिसतात. तांबडा फिल्टर लावला, तर आकाश याहूनहि काळें येतें. याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १० एप्रिल १९२७ रोजीं अॅन्सेल अॅडम्स हे अमेरिकन छायाचित्रकार कॅलिफोर्नियांतील योसेमिटी येथें हाफ डोम या प्रचंड पाषाणशिखराचें चित्र घेत होते. प्रथम त्यांनीं पिवळा फिल्टर लावून एक चित्र घेतलें. परंतु त्या शिखरासमोर उभें राहून मनास जी भव्यता जाणवत होती, ती त्यांत उतरणार नाहीं असें त्यांस वाटलें. आतां एकच कांच शिल्लक होती. त्यांनीं पिवळा फिल्टर काढून गडद तांबडा लाविला व ती शेवटची कांच वापरली. त्या चित्रांत आकाश जवळजवळ काळें असून शिखर त्यावर उजळून उठलें आहे. एका लहानशा रंगीत कांचेनें चित्राचा भाव किती पालटतो, हें यावरून दिसेल.

आज छायाचित्रें संगणकावर उतरतात, आणि पिवळ्या वा तांबड्या फिल्टराचें काम मागाहून तेथेंहि करतां येतें. मग फिल्टर हवेतच कशाला, अशी शंका येण्याचा संभव आहे. तिचें उत्तर असें कीं, कांहीं गोष्टी प्रकाश भिंगांत शिरण्यापूर्वींच कराव्या लागतात. पोलरायझिंग फिल्टर हें त्याचें उत्तम उदाहरण होय. साध्या प्रकाशाच्या लहरी सर्व बाजूंनीं कंप पावत असतात. पाण्यावरून किंवा कांचेवरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश मात्र बहुतांशीं एकाच दिशेनें कंप पावतो. पोलरायझिंग फिल्टर फिरवून त्या दिशेचा प्रकाश अडविला, म्हणजे पाण्यावरील चकाकी जाते व तळाचे दगड दिसूं लागतात. पावसानें भिजलेल्या पानांवरील पांढरी झिलई निघून त्यांचा खरा हिरवा रंग उमटतो. पाण्याच्या बाबतींत पृष्ठभागाशीं सुमारें ३७ अंशांचा कोन साधला असतां हा परिणाम सर्वांत अधिक होतो. धातूच्या पृष्ठावरील चकाकी मात्र यानें जात नाहीं. चकाकीखालीं जें दिसलेंच नाहीं, तें मागाहून संगणक कोठून आणणार?

दुसरें उदाहरण करड्या फिल्टराचें. हा रंग न बदलतां केवळ उजेड कमी करितो. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या धबधब्याचें चित्र १/६० सेकंदांत निघतें असें समजा. उजेड ६४ पटींनीं कमी करणारा फिल्टर लाविला, तर तेंच चित्र घेण्यास सुमारें एक सेकंद लागतो व पाण्याची धार रेशमासारखी सलग येते. त्या वेळीं कॅमेरा तिवईवर स्थिर हवा, हें सांगणें नकोच.

मापांचा घोटाळा

फिल्टर भिंगाच्या तोंडाशीं पेचानें बसतो. अडचण अशी कीं, भिंगांचीं तोंडें सारखीं नसतात. ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२ मिलिमीटर हीं नेहमीं आढळणारीं मापें होत. ५२ चा फिल्टर ५५ च्या भिंगास बसत नाहीं. कासार बाई-मुलींचा हात पाहून बांगडी काढतो; अंदाजानें काढलेली बांगडी एक तर मनगटावरून गळते, नाहीं तर हातांत शिरतच नाहीं. तसेंच हें आहे.

येथें नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. भिंगावर ‘५० मिमी’ असें लिहिलेलें असतें, तें पाहून ते ५० मापाचा फिल्टर मागतात. परंतु तो आंकडा भिंगाच्या नाभीय अंतराचा असतो. तोंडाच्या व्यासाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. व्यासाच्या आंकड्यापूर्वीं तिरपी रेघ मारलेल्या शून्यासारखी खूण असते. ती खूण भिंगाच्या कडेस शोधावी व तिच्यापुढील आंकडा कागदावर लिहून घेऊनच दुकानांत जावें.

जुन्या भिंगावर अशी खूण नसल्यास शाळेंतील व्हर्निअर कॅलिपर उपयोगी पडतो. मात्र एक गोष्ट लक्ष्यांत ठेवावी. भिंगाच्या तोंडाचे आटे आंतल्या बाजूस असतात, व कॅलिपर त्या आट्यांच्या माथ्यावर टेकतो. त्यामुळें मोजलेलें माप नांवाच्या मापाहून थोडें कमी येतें. ५२ मापाच्या भिंगाचे आटे बहुधा ०.७५ मिलिमीटर अंतराचे असतात. तेथें कॅलिपर सुमारें ५१.२ दाखवील. तेवढ्यावरून ५१ मापाचा फिल्टर शोधीत बसूं नये. कॅलिपरची टोंकें भिंगाच्या कांचेस लागूं देऊं नयेत, हेंहि सांगितलें पाहिजे.

जोडकड्याची युक्ति

भिन्न मापांची ही अडचण नवीन नाहीं. पूर्वीं यावर ‘सीरिज’ नांवाची एक सोईची पद्धति होती. फिल्टर बिनआट्याचे व ठराविक व्यासाचे करीत. सीरिज ६ चा व्यास ४१.३, सीरिज ७ चा ५०.८ म्हणजे दोन इंच, व सीरिज ८ चा ६३.५ म्हणजे अडीच इंच असे. प्रत्येक भिंगासाठीं त्याच्या मापाचें एक कडें घ्यावयाचें, त्यांत फिल्टर ठेवावयाचा व वरून दुसरें कडें फिरवून तो अडकवावयाचा, अशी योजना होती. भिंग बदललें तर केवळ खालचें कडें बदलावें लागे. फिल्टर तोच राही. एखाद्या जुन्या पेटींत असे बिनआट्याचे फिल्टर सांपडल्यास ते निरुपयोगी समजून टाकूं नयेत.

हल्लींच्या जोडकड्याचें तत्त्व तेंच आहे. त्याच्या एका बाजूस बाहेरून आटे असतात, ते भिंगांत बसतात. दुसऱ्या बाजूस आंतून आटे असतात, ते फिल्टरास धरतात. ५२ च्या भिंगावर ५८ चा फिल्टर बसविणाऱ्या कड्यावर बहुधा ‘५२–५८’ असें लिहिलेलें असतें. यास दुकानांत स्टेप-अप रिंग म्हणतात. याच्या उलट, मोठ्या भिंगावर लहान फिल्टर बसविणारी ती स्टेप-डाऊन रिंग. कांहीं विक्रेते आंकडे उलट क्रमानेंहि लिहितात. म्हणून आंकड्यांवर न विसंबतां, भिंगांत जाणारी बाहेरील आट्यांची बाजू कोणत्या मापाची आहे, हें विचारून घ्यावें.

या दोहोंपैकीं मोठ्या फिल्टराकडे नेणारें कडेंच पत्करावें. कारण सोपें आहे. ६७ च्या भिंगापुढें ५२ चा फिल्टर बसविला असें समजा. वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. ५२ चा वर्ग २७०४ व ६७ चा ४४८९. म्हणजे भिंगाच्या तोंडाचा सुमारें ६० टक्के भागच मोकळा राहिला. उरलेल्या ४० टक्क्यांवर धातूचा पडदा आला. त्यामुळें चित्राचे चारी कोपरे काळवंडण्याची भीति असते. विशेषतः विस्तृत देखावा टिपणाऱ्या वाइड भिंगाच्या बाबतींत. मोठा फिल्टर लाविला असतां असा पडदा येत नाहीं.

आतां खर्चाचा विचार करूं. एखाद्या घरीं ४९, ५५ व ६७ मापांचीं तीन भिंगें आहेत. प्रत्येकासाठीं निराळा पोलरायझिंग फिल्टर घेतला, तर एकाच वस्तूचे पैसे तीन वेळां द्यावे लागतील. त्याऐवजीं ६७ चा एकच उत्तम फिल्टर आणि ४९–६७ व ५५–६७ अशीं दोन कडीं घेतलीं, तर तिन्ही भिंगांचें काम भागतें. चांगल्या फिल्टराच्या मानानें कड्याची किंमत फारच थोडी असते. वांचलेल्या पैशांत अधिक चांगली कांच घेतां येते, हा दुसरा लाभ. मात्र ज्याच्याजवळ एकच भिंग आहे व दुसरें घेण्याचा विचारहि नाहीं, त्यानें कड्याच्या भानगडींत न पडतां भिंगाच्याच मापाचा फिल्टर घ्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम येथेंहि लागू आहे.

कड्याचे तोटेहि सांगितले पाहिजेत. कडें व मोठा फिल्टर बसविल्यावर भिंगाचें मूळचें झाकण व ऊन अडविणारा मूळचा हूड बसत नाहींत. त्यांची सोय निराळी करावी लागते. शिवाय ४९–५५, ५५–६७ अशीं कड्यांवर कडीं चढविल्यास फिल्टर पुढें पुढें सरकतो, त्याचा कांठ वाइड भिंगाच्या चित्रांत येऊं लागतो, व प्रत्येक जोडाबरोबर अडकून बसण्याचें एक नवें ठिकाण निर्माण होतें. म्हणून शक्य तों एका भिंगास एकच कडें असावें.

बसविण्याची व काढण्याची रीति

कॅमेरा मांडीवर किंवा टेबलावर ठेवून भिंगाचें तोंड वर करावें. कडें त्यावर सपाट ठेवावें व प्रथम उलट दिशेनें, म्हणजे डावीकडे, अगदीं हळू फिरवावें. आट्यांचीं टोंकें एकमेकांवरून उतरलीं कीं बोटांस बारीकशी टिचकी लागते. मग उजवीकडे फिरवावें. आटे नीट बसले असल्यास कडें दोन बोटांच्या जोरानें सहज फिरतें. एका पूर्ण फेऱ्यांत तें पाऊण मिलिमीटर आंत जातें, एवढें सूक्ष्म हें काम आहे. थोडा जरी अडथळा लागला, तरी थांबावें, कडें काढावें व पहिल्यापासून आरंभ करावा. लोणच्याच्या बरणीचें झाकण तिरपें बसलें तर आपण तें काढून पुन्हां लावतों. त्यावर जोर करीत नाहीं. शेवटीं कडें घट्ट आवळूं नये. टेकलें कीं पुरे.

अडकलेलें कडें काढतांना बहुतेक लोक तें दोन बोटांत चिमटून पिळतात. त्यामुळें पातळ कडें लंबगोल होतें व आट्यांत अधिकच रुततें. जोर सर्व परिघावर सारखा लागला पाहिजे. कड्याभोंवतीं रबराची रुंद पट्टी गुंडाळून तळहातानें हलके फिरवावें. किंवा रबराच्या सपाट तुकड्यावर तें पालथें टेकवून, न दाबतां भिंग फिरवावें. तेल घालूं नये. तें कांचेवर उतरतें. पितळी कडें अॅल्युमिनियमच्या मानानें कमी अडकतें, म्हणून थोडे अधिक पैसे देऊन पितळी घेणें पुष्कळदां हिताचें असतें.

येथें एक गंभीर सूचना देतों. करडा, पोलरायझिंग किंवा दुसरा कोणताहि साधा फिल्टर लावून सूर्याकडे कॅमेऱ्याच्या छिद्रांतून पाहूं नये. ग्रहणाच्या वेळीं असा मोह होतो. त्यासाठीं निराळा सौर फिल्टर मिळतो; तो सूर्याचा सुमारें एक लक्षांश प्रकाशच आंत सोडतो. तो भिंगाच्या पुढच्या बाजूस पक्का बसलेला असला पाहिजे. सैल कड्यावरचा असा फिल्टर वाऱ्यानें गळून पडला, तर भिंगानें एकवटलेलें ऊन क्षणांत डोळा कायमचा अधू करूं शकतें. येथें कड्याचें माप म्हणजे दृष्टीचें रक्षण होय. विद्यार्थ्यांनीं हें काम जाणत्या माणसाशिवाय करूंच नये.

त्या कड्याची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं वार्षिक समूह-छायाचित्राच्या दिवशीं सकाळींच पाऊस पडून गेला होता. शाळेच्या खिडक्यांच्या कांचा ऊन पडून चकाकत होत्या. मंडळाजवळ ५८ चा पोलरायझिंग फिल्टर होता. परंतु आमचें भिंग दुरुस्तीस गेलेलें होतें. म्हणून नववीच्या एका विद्यार्थ्यानें वडिलांचें भिंग आणिलें. तें वडिलांनीं पुष्कळ वर्षें जपलेलें होतें. त्याचें माप ४९. पेटींत ४९–५८ चें कडेंहि होतें. म्हणजे साहित्य सर्व बरोबर होतें. चुकलों ते आम्ही.

सर्व वर्ग रांगेंत उभे होते व ऊन वाढत होतें. आम्हीं कॅमेरा हातांत उभाच धरून कडें लाविलें. अर्ध्या फेऱ्यांत तें अडलें. त्या विद्यार्थ्यानें हळूच म्हटलें, “सर, तें तिरपें बसलेलें दिसतें.” आम्हीं तिकडे लक्ष्य दिलें नाहीं. नवें कडें आहे, घट्ट असणारच, असें म्हणून जोर केला. चित्र निघालें, पण कडें निघेना. मग तें चिमटून पिळलें, आणि जें वांचण्यासारखें होतें तेंहि गेलें. शेवटीं एका कारागिरानें कडें कापून मोकळें केलें. भिंगाची कांच शाबूत राहिली, परंतु तोंडाचे पहिले आटे गेले. त्यावर पुन्हां फिल्टर नीट बसेना.

त्या मुलाचा चेहरा आम्हांस अद्याप आठवतो. तो एवढेंच म्हणाला, “सर, बाबांना काय सांगूं?” त्याची चूक मुळींच नव्हती, उलट त्यानें वेळेवर सांगितलें होतें. आम्ही सायंकाळीं त्याच्याबरोबर त्याच्या घरीं गेलों व झालेला प्रकार वडिलांस जसाच्या तसा सांगितला. त्यांनीं भिंग उजेडांत धरून कांच पाहिली, आट्यांवरून बोट फिरविलें, व थोड्या वेळानें म्हणाले, “सर, चित्र यापुढेंहि निघेल. पण हा सांगत होता, तेव्हां थांबायला हवें होतें.” दुरुस्तीचा खर्च आम्हीं देऊं केला, तो त्यांनीं घेतला नाहीं. तें कापलेलें कडें मात्र आम्हीं मागून घेतलें.

विद्यार्थीमित्रहो, जोडकडें चित्रांत स्वतः कोठेंच दिसत नाहीं. भिंग एकाचें, फिल्टर दुसऱ्याचा. दोघांस इजा न करतां एकत्र आणणें, एवढेंच त्याचें काम. तें काम मापानें होतें, बळानें होत नाहीं. म्हणून खरेदीपूर्वीं माप घ्या, आणि बसवितांना हातास अडथळा लागला तर थांबा. जवळ उभा असलेला कोणी, मग तो वयानें लहान कां असेना, ‘तिरपें बसलें आहे’ असें म्हणाला, तर आधीं पहा. आमच्या पेटींतील तें मोडकें कडें नव्या विद्यार्थ्यांस हेंच सांगतें, आणि पेटी उघडतांना दर वेळीं आम्हांसहि सांगतें.